गणित न येणाऱ्या आईबाबांसाठी

(गणेशोत्सवात मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विषय प्रवेशपरीक्षेतल्या गणिताचा आहे. पण मी मुलांपेक्षा त्यांच्या आईबाबांशी जास्त बोलणार आहे. मुलांना सांगणारे पुष्कळ असतात. शाळा सांगते, क्लास सांगतो, मोबाइल तर दिवसभर सांगतच असतो. पालकांना मात्र दोनच गोष्टी सांगितल्या जातात : फी भरा आणि टेन्शन देऊ नका. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते कोणी सांगत नाही.

मी गणित शिकवतो, म्हणून किलवणी नाक्यावर भाजी घेताना किंवा वापीच्या बसमध्ये एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. ‘सर, आम्ही दोघंही दहावीपर्यंतच. पोरगी आता विकलन का संकलन काय ते करते. आम्ही तिला कसली मदत करणार?’ हा प्रश्न विचारणारे वडील सेकंड शिफ्टवरून रात्री साडेअकराला घरी येतात. कोणी खानदेशातून आलेलं, कोणी नाशिककडून, कोणी कोकणातून. कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. मुलं इथेच वाढली. आता त्यांना इंजिनियर व्हायचंय आणि दारात गणिताचा पेपर उभा आहे.

त्या प्रश्नाचं माझं उत्तर आज सविस्तर देतो. थोडक्यात ते असं : गणित शिकवायचं काम घराचं नाही. गणित ऐकून घ्यायचं काम घराचं आहे, आणि ते गणित न येणाऱ्या माणसाला जास्त चांगलं जमतं.

आधी परीक्षा समजून घेऊ. आपल्या भागातली मुलं साधारणपणे तीनपैकी एक किंवा दोन परीक्षा देतात : जेईई मेन, गुजरातची गुजसेट आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. तिन्हींत गणित आहे, पण तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

जेईई मेनमध्ये तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न आणि तीन तास वेळ असतो. त्यात गणिताचे २५ : २० पर्यायांचे आणि ५ असे, की उत्तराची संख्या स्वतः भरायची. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. गुजसेटमध्ये गणिताचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, आणि चुकीला पाव गुण वजा. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. प्रत्येकाला २ गुण आणि चुकीला काहीच वजा नाही. त्यातले साधारण १० प्रश्न अकरावीचे आणि ४० बारावीचे.

आता भागाकार करू. जेईईत एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटं २४ सेकंद, सीईटीत १ मिनिट ४८ सेकंद, गुजसेटमध्ये दीड मिनिट. म्हणजे जेईईत प्रश्न अवघड आणि वेळ थोडा जास्त. गुजसेटमध्ये प्रश्न सरळ, पण वेळ कमी. तिन्हींची तयारी एकच, असं कोणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे. धडे तेच असतात, पण सराव वेगळा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९० गुण नव्हेत. त्या पाळीत परीक्षेला बसलेल्या दर १०० मुलांपैकी ९० जणांना तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे माहीत नसल्यामुळे आधी पेढे वाटले जातात आणि पंधरा दिवसांनी घरात स्मशानशांतता पसरते. आणि हो, बारावीकडे दुर्लक्ष करू नका. जेईईतून एनआयटीला जायचं असेल तर अनुसूचित जाती-जमाती वगळता बारावीला ७५ टक्के तरी हवेत, नाहीतर आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये तरी यायला हवं.

आता भाषेबद्दल. हे आपल्या लोकांनी नीट ऐकावं.

जेईई मेन २०२१पासून १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. ऐकून बरं वाटतं. पण आतापर्यंतच्या माहितीपुस्तिकांमध्ये भाषा केंद्राशी जोडलेली आहे. गुजराती प्रश्नपत्रिका गुजरात, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या केंद्रांवर मिळते. मराठी मिळते ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. म्हणजे आपल्या घरच्या मुलाला मराठीतून पेपर हवा असेल, तर फॉर्म भरतानाच केंद्र महाराष्ट्रातलं निवडावं लागतं. मराठी निवडली तरी पडद्यावर इंग्रजीही असते आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

फॉर्म सायबर कॅफेवाल्या पोरावर सोडू नका. त्याला दिवसाला शंभर फॉर्म भरायचे असतात. तुमच्या मुलाची भाषा, केंद्र, अधिवास, दहावी-बारावी कुठल्या राज्यातून केली, हे सगळं घरच्या माणसाने शेजारी बसून पाहायचं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर ‘आपण मराठी आहोत’ आणि ‘आपण महाराष्ट्राचे रहिवासी आहोत’ यातला फरक इथेच कळतो. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून वाचायची. यासाठी गणित यावं लागत नाही. हे आईबाबांचं पहिलं काम.

आता दुसरं आणि मुख्य काम : ऐकणं.

मुलगी एक उदाहरण सोडवते. उत्तर पुस्तकातल्याशी जुळतं. ती पुढे जाते. तिला ते समजलं का? तिलाही माहीत नसतं. समजलं की नाही हे कळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसऱ्याला सांगून पाहणं. तुम्ही भाजी निवडत असा, भाकरी थापत असा, ड्यूटीवरून येऊन जेवत असा. तिला म्हणा, ‘आज काय केलंस ते मला समजेल असं सांग.’ दहा मिनिटं पुरे. ती सांगत जाईल आणि एका ठिकाणी अडखळेल. ‘मग ते असंच असतं, आई’ असं म्हणेल. ते ‘असंच असतं’ जिथे आलं, तिथे तिचं गणित कच्चं आहे. तुम्हाला विकलन कळलं नाही तरी ‘असंच असतं’ नक्की कळतं.

गणित येणारा माणूस इथे गडबड करतो. तो मध्येच बोलतो, ‘अगं, असं नाही, असं कर’ म्हणतो आणि सोडवून टाकतो. मुलीचं बोलणं तिथेच थांबतं. ज्याला येत नाही तो गप्प बसतो, म्हणून ती बोलते. तुमचं न येणं इथे उपयोगी पडतं.

ऐकताना फक्त तीन प्रश्न विचारायचे. लिहून घ्या, हवं तर फ्रिजवर चिकटवा.

पहिला : ‘हे कशावरून?’

दुसरा : ‘आकडा घालून दाखव.’

तिसरा : ‘उत्तर साधारण किती यायला हवं होतं?’

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण देतो. बारावीची मुलं विकलनाचं मोठं उदाहरण सोडवत सोडवत येतात आणि शेवटी एका ओळीत लिहितात : क्षचा वर्ग अधिक ९, याचं वर्गमूळ बरोबर क्ष अधिक ३. दिसायला किती छान दिसतं! वर्गाचं मूळ क्ष, नवाचं मूळ ३. आता आई विचारते, ‘आकडा घालून दाखव.’ क्षच्या जागी ४ घाला. चाराचा वर्ग १६, त्यात ९ मिळवले की २५, त्याचं मूळ ५. आणि क्ष अधिक ३ म्हणजे ७. पाच आणि सात सारखे नाहीत. संपलं. ही चूक बारावीची नाही, ती आठवीची आहे. मुलगा विकलन शिकला, पण आठवीची ती पायरी मोडकीच राहिली आणि दर पेपरात पाय तिथेच अडकतोय.

गणितात गुण जातात ते बहुतेक वेळा असे. अवघड धड्यात जातात त्यापेक्षा जास्त खालच्या पायऱ्यांवर जातात. अपूर्णांक, कंसाबाहेरचं वजा चिन्ह, घातांक, अवयव पाडणं, टक्केवारी. आणि बारावीच्या मुलाला आठवीचं पुस्तक उघडायची लाज वाटते. ती लाज घराने काढायची. धाकट्या भावाचं पुस्तक असेल तर तेच द्या आणि म्हणा, ‘रविवारी एक धडा पाहून टाक, कोणाला सांगायचं नाही.’ ‘एवढं सोपंसुद्धा येत नाही?’ हे वाक्य मात्र घरात वर्षभर बंद. हे वाक्य एकदा ऐकलं की मूल चूक दाखवायचं थांबतं, आणि लपलेली चूक दुरुस्त होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण. इथून ३० किलोमीटरवरच्या गावाला ताशी ३० च्या वेगाने गेलो, परत ताशी ६० ने आलो. सरासरी वेग किती? दहातली सात-आठ मुलं पटकन ४५ म्हणतात. रिक्षावाल्याला विचारा. तो म्हणेल, जाताना एक तास लागला, येताना अर्धा तास. दीड तासात ६० किलोमीटर, म्हणजे ताशी ४०. कमी वेगाने जास्त वेळ चाललो, तर सरासरी कमी वेगाकडेच झुकणार. हा अंदाज व्यवहारातल्या माणसाला असतो. तसंच, संभाव्यतेचं उत्तर दीड आलं, तर ते चूकच आहे, कारण संभाव्यता १ पेक्षा मोठी असूच शकत नाही. पर्यायांच्या परीक्षेत अशा अंदाजाने चारातले दोन पर्याय न सोडवताच उडतात.

आता पहिला प्रश्न, ‘हे कशावरून?’ परीक्षेत एक नेहमीचं उदाहरण असतं : क्ष आणि त्याचा व्यस्त यांची बेरीज ३ आहे, तर दोघांच्या घनांची बेरीज किती? एक मुलगा वर्गसमीकरण मांडतो, क्ष काढतो, त्यात पाचाचं वर्गमूळ येतं, मग त्याचा घन करत बसतो आणि चार मिनिटं जातात. दुसरी मुलगी बेरजेच्या घनाचं सूत्र वापरते. तिनाचा घन २७, त्यातून तीन गुणिले तीन, म्हणजे ९ वजा, उत्तर १८. वीस सेकंद. दोघांना सूत्र पाठ होतं. ‘कशावरून’ हे फक्त तिला माहीत होतं, म्हणून तिला ते वेळेवर आठवलं. आपण दहा दिवस आरती म्हणतो. ती रोज कानावर पडून पाठ झालेली असते, पण मधल्याच एका शब्दापासून सुरू कर म्हटलं की गाडी अडते. सूत्र नुसतं पाठ असलं की त्याचंही तसंच होतं. परीक्षा नेहमी मधल्याच शब्दापासून सुरू होते.

तिसरं काम चुकांच्या वहीचं. दोनशे पानी एक वही घ्या. सराव पेपर झाला की चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा आणि समोर एक अक्षर लिहायचं. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं. ‘घ’ म्हणजे येत होतं, घाईत चुकलं. ‘व’ म्हणजे वेळ पुरला नाही.

समजा सीईटीच्या सराव पेपरात ५० पैकी २२ बरोबर आले आणि २८ गेले. घरात सूर उमटतो, ‘एवढा क्लास लावून बावीसच?’ आता अक्षरं मोजा. न ९, घ ११, व ८. म्हणजे ११ प्रश्न तिला येत होते! दोन गुणांप्रमाणे २२ गुण येत असताना गेले. त्यातले अर्धे सावरले तरी एकही नवा धडा न शिकता दहा-अकरा गुण वाढतात. ‘न’ जास्त असतील तर धडा पुन्हा करायचा. ‘घ’ जास्त असतील तर कच्चं काम नीट, ओळीखाली ओळ लिहायची सवय लावायची. ‘व’ जास्त असतील तर घड्याळ लावून सराव करायचा. औषध वेगवेगळं आहे. आणि अक्षरं मोजायला गणिताची पदवी लागत नाही. रविवारी सकाळी चहा घेताना बाबांनी मोजावीत.

चौथं काम घड्याळाचं. सराव पेपर द्यायचा तर परीक्षेच्या वेळेला, सलग, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून द्यायचा. एका खोलीचं घर असेल तर त्या दीड तासात टीव्ही बंद आणि पाहुण्यांना बाहेर ओट्यावर बसवायचं. पेपर दोन फेऱ्यांत सोडवायला सांगा. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसते तेवढेच प्रश्न. अडलं की खूण करून पुढे. दुसऱ्या फेरीत राहिलेले. एका प्रश्नाशी कुस्ती खेळत सहा मिनिटं घालवणारा मुलगा हुशार असतो, पण त्याच्या पुढचे तीन सोपे प्रश्न वाचायचेच राहतात.

अंदाजाने खूण करायची की नाही, हेही परीक्षेवर अवलंबून आहे. सीईटीत वजा गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईत चार पर्यायांवर डोळे मिटून खूण केली, तर सरासरी चार प्रश्नांत एक बरोबर येईल : चार मिळाले, तीन गेले, हातात १. त्यात नशिबाचाच भाग मोठा आणि फटकाही बसू शकतो. पण विचार करून दोन पर्याय उडवता आले, तर दोन प्रश्नांत एक बरोबर : चार मिळाले, एक गेला, हातात ३. म्हणजे डोळे मिटून खूण करायची नाही, पर्याय उडवून करायची.

भाषेचंही एक काम घरी होऊ शकतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला अकरावीत गणित अवघड जातं की इंग्रजी, हे त्यालाच कळत नाही. विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन, सदिश म्हणजे व्हेक्टर, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी, वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन. रोज पाच शब्दांच्या जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या आणि तुम्ही विचारायच्या. महिन्याभरात दीडशे होतात. इंग्रजी प्रश्नातले ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’, म्हणजे ‘कमीत कमी’ आणि ‘जास्तीत जास्त’, यांची अदलाबदल झाली की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

आता क्लास. क्लास वाईट असं मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक मिळाला तर जरूर लावा. पण कर्ज काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना, म्हणजे दहावी होण्याआधी, प्रवेश देऊ नये आणि रँकची खोटी हमी देऊ नये, असं त्यांत आहे. तेव्हा सातवी-आठवीच्या मुलासाठी कोणी ‘फाउंडेशन’चे लाखभर रुपये मागत असेल, तर या सूचनांची आठवण करून द्या. आणि दुसरं म्हणजे, शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं ‘साथी’ नावाचं मोफत व्यासपीठ २०२३पासून सुरू आहे. त्यावर धडे आणि सराव आहेत. जेईईच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षा घेणारी संस्था स्वतः देते. आधी महिनाभर हे वापरून पाहा. चुकांची वही काय सांगते ते बघा. मग क्लास कशासाठी हवा ते ठरेल.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे मुलगा असेल तर कर्ज काढून बाहेरगावी पाठवतात आणि मुलगी असेल तर ‘इथलंच काहीतरी कर’ म्हणतात. मी हे बोलतोय तेव्हा समोर दोन-तीन मुली माना खाली घालून बसल्यात, ते मला दिसतंय. गणित मुलगा-मुलगी पाहत नाही. बाहेर पाठवणं जमणार नसेल तर नसेल, प्रत्येक घराची अडचण असते. पण मग घरची मदत दुप्पट व्हायला हवी. संध्याकाळी सात ते नऊ तिच्या हातात लाटणं द्यायचं आणि भावाच्या हातात पुस्तक, हे बंद झालं पाहिजे. हे दोन तास तिला मिळाले तर आठवड्याला १४ तास होतात. आजपासून जानेवारीपर्यंत चार महिने धरले, तर दोनशेहून जास्त तास. तेवढ्यात गणिताचा अभ्यासक्रम पुन्हा एकदा नीट फिरून होतो.

या चार महिन्यांचा हिशेब साधा ठेवा. गणपती ते दिवाळी खालच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या आणि धडे पुरे करायचे. दिवाळीनंतर घड्याळ लावून आठवड्याला एक पूर्ण पेपर, आणि त्या पेपराला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ त्याच्या चुकांना. शेवटच्या पंधरवड्यात नवा धडा नाही, फक्त चुकांची वही. आणि झोप पुरी सात तास. रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास सकाळी ‘घ’ अक्षर होऊन वहीत उतरतो.

आता मुलांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. परीक्षेचं गणित आणि गणित यांत फरक आहे, आणि दोन्हींत मराठी माणसाने नाव काढलंय. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले आणि सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय ठरले. त्या परीक्षेसाठी तिकडेही खासगी शिकवण्या जोरात चालत, मुलं वेगाची तालीम करत. अखेर या शर्यतीने गणिताचंच नुकसान होतंय असं तिथल्याच गणितज्ञांचं मत झालं आणि १९०९नंतर क्रमांक जाहीर करणं थांबलं. म्हणजे हे वेड कोटा शहराने शोधलेलं नाही, आणि ते आवरताही येतं.

दुसरे गृहस्थ तर आपल्या शेजारचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पुण्यात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं पारितोषिक मिळालं. बी.एस्सी. होऊन ते देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. मोठी पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती. आकड्यांशी खेळत राहिले आणि जगाला ६१७४ ही संख्या दाखवली. आपण इथेच करून पाहू. आपला हा प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यातून मोकळा झाला ते साल १९५४. या चार अंकांची मोठ्यात मोठी संख्या ९५४१, लहानात लहान १४५९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तेच : ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. आज घरी गेल्यावर आपल्या जन्मसालावर करून पाहा. तासाभराच्या अभ्यासात पाच मिनिटं असं काही केलंत, तर परीक्षा झाल्यावरही गणिताशी बोलणं राहील.

निकालाबद्दल पालकांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते आजच ठरवून ठेवा. ‘जेवलास का?’ हे वाक्य चांगलं आहे. कट-ऑफ, शेजारच्या मुलाचे गुण, भरलेली फी, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी. एका परीक्षेने वाट बंद होत नाही. जेईई वर्षात दोनदा होते. डिप्लोमा करून थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बी.एस्सी. करून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. ज्यांना गणितच आवडतं त्यांच्यासाठी भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षा आहेत, तिथे पायऱ्या लिहून सिद्ध करावं लागतं. पेपर पुन्हा देता येतो, मूल पुन्हा मिळत नाही. याहून जास्त मी काही बोलत नाही, तुम्हाला समजलंय.

शेवटी मंडळाकडे एक मागणी. सार्वजनिक गणेशोत्सव घराघरांत पोचवणारे लोकमान्य टिळक फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असत. त्यांच्या उत्सवाच्या मांडवात गणिताला जागा मागतोय, ती गैर नाही. विसर्जनानंतर मंडळाचा हॉल रिकामाच असतो. तिथे जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ दिवे चालू ठेवा. चार टेबलं, एक फळा, एक भिंतीवरचं घड्याळ, एवढंच लागेल. ज्यांच्या घरी जागा नाही, ती मुलं तिथे बसतील. मराठी, गुजराती, वारली, कोकणा, कोणाचंही मूल असो, सगळ्यांना मोकळीक. मी आठवड्यातून दोन दिवस येईन. बाकीचे पाच दिवस कोणी तरी एक पालक बसावा. त्याला गणित यायची गरज नाही. समोरच्या मुलाला ‘मला समजेल असं सांग’ एवढं म्हणता आलं की झालं.

नावं लिहायला बाहेर प्रसादाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. मुलांनी नावं घालावीतच, पण आईबाबांनी आधी घालावीत.

गणपती बाप्पा मोरया!